जोता तपासायच्या आधी पाया तपासा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या की दरवर्षी ठरलेली बातमी येते : संगणक शाखा फुल्ल, स्थापत्यच्या जागा रिकाम्या. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. 'सिव्हिलचं काम कॉम्प्युटरच करणार म्हणे, मग पोराला तिकडं कशाला घालायचं?' असे पालक तोंडावर विचारतात. मी सोलापुरात इमारतींची संरचना करण्याच्या धंद्यात आहे, तेव्हा या प्रश्नावर माझे मत मांडतो. यंत्राची भीती मला फारशी वाटत नाही. भीती वाटते ती साइटवर न जाणाऱ्या इंजिनिअरची, आणि तो आजच आपल्यात आहे.

आमच्या पिढीने ट्रेसिंग पेपर, रोटरिंग पेन आणि अमोनियाच्या वासाच्या निळ्या प्रिंट पाहिल्या. मग ऑटोकॅड आले, पाठोपाठ इमारतीचे गणित करणारी स्टॅड आणि ईटॅब्स ही सॉफ्टवेअर आली. तुळईचे गणित कागदावर मांडायला जिथे दिवस जायचा तिथे आता सगळ्या इमारतीचा हिशोब चहा येईपर्यंत होतो. हे चांगलेच झाले. पुढे नकाशाही यंत्रच काढील, त्यातल्या चुकाही तेच दाखवील. पण त्या सॉफ्टवेअरला जमिनीची धारणक्षमता, म्हणजे ती किती भार पेलते हे, आपणच सांगावे लागते. चौरस मीटरला वीस टन घाला, ते वीस टन धरते. पंचवीस घाला, पंचवीस धरते. त्या प्लॉटवर खड्डा खणून कोणी पाहिला का, असे ते कधी विचारत नाही. आणि आता तर घरमालक भाच्याच्या ओळखीने पुण्याहून किंवा हैदराबादहून व्हॉट्सॲपवर आरसीसीचे ड्रॉइंग मागवतो. काढणाऱ्याने सोलापूर रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिलेले असते.

इथली काळी माती काय चीज आहे, हे खिडकीतून कळत नाही. शहराच्या कडेला शेतजमिनी तुटून प्लॉट पडले, तिथे मे महिन्यात जाऊन पाहा. भेगेत हात मनगटापर्यंत जातो. मृगाचा पाऊस झाला की तीच जमीन फुगते आणि वरचे घर उचलते. घर जितके हलके तितकी ती त्याच्याशी जास्त खेळते, आणि नुसत्या तळमजल्याचे घर हलकेच असते. पहिल्या पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, दुसऱ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, तिसऱ्यात हॉलच्या मधल्या फरशा पोट काढून वर येतात. मालक गवंड्याला शिव्या घालतो. गवंड्याचा त्यात दोष नसतो. पाया त्या थराच्या खाली गेलेला नसतो, किंवा जोत्याच्या, म्हणजे पायावरच्या चौथऱ्याच्या, भरावात तीच काळी माती परत ढकललेली असते.

याला उपाय नाही असे कोणी सांगितले तर ऐकू नका. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरणारे काँक्रीटचे खांब, विकसित केले. ते साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, जिथे उन्हाळा-पावसाळ्याचा फरक पोचत नाही अशा थरात रोवायचे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा जाड थर मध्ये घालून काळ्या मातीचा जोर मारायची पद्धत दाखवली. शेजारच्या कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर ती वापरली गेली. हे सगळे जुने झाले, पुस्तकात आहे, परीक्षेला पाच मार्कांना येते. पण पाया खणताना खड्ड्यात उतरून 'मुरूम लागला का?' म्हणून टिकाव मारून पाहणारा इंजिनिअर किती घरांना मिळतो?

आता पाण्याचे. आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि लग्नसराई आटोपून लोक घराची कामे काढतात तीही नेमकी त्याच दिवसांत. काँक्रीट पक्के व्हायला ओल लागते. आयएस ४५६ ही काँक्रीटकामाची भारतीय मानक संहिता सांगते, उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवा. राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा दिवसांपर्यंत न्या. आज दुकानात मिळणारे बहुतेक सिमेंट राखमिश्रितच असते. इकडे नळाला पाणी तीन-चार दिवसांआड. मग टँकर, आणि टँकरचे पाणी आधी घरच्या पिंपात, उरले तर स्लॅबवर.

तुम्ही भर दुपारी साइटवर जा. 'पाणी मारलं का?' विचारा. 'मारलंय की ओ साहेब, सकाळीच!' असे उत्तर येते आणि ते खरेही असते. सकाळी पाइप फिरवलेला असतो. अकरापर्यंत स्लॅब पांढरा पडतो, दुपारी त्यावर पाय ठेववत नाही. कॉलमचे तर त्याहून वाईट, कारण उभ्या पृष्ठभागावर पाणी थांबत नाही. गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक बांधले, स्लॅबवर सिमेंट-मातीची आळी करून दोन इंच पाणी साठवले, ओत संध्याकाळी ठेवला, तर निम्म्या पाण्यात काम भागते. जिथे तेही जमत नाही तिथे आतली ओल धरून ठेवणारे, फवारायचे क्युरिंग कंपाउंड मिळते. यातले काहीही महाग नाही. फक्त सलग दहा दिवस कोणीतरी रोज डोकवावे लागते. उन्हाळे असेच तापत गेले तर भर दिवसा काँक्रीट ओतणेच बंद करावे लागेल, आणि उन्हात सेंट्रिंगवर चढणाऱ्या बिगाऱ्याचाही विचार करावा लागेल. त्याचा विचार आमच्या एस्टिमेटात अजून कुठल्याच कलमात नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट सोलापूरकर विसरलेले नाहीत. किल्लारी तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होते. २००२ च्या सुधारित नकाशात सोलापूर तिसऱ्या क्षेत्रात दाखवले गेले. त्याचा साइटवरचा अर्थ अगदी साधा आहे : कॉलमच्या उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगचे टोक १३५ अंशांत वाकवून आतल्या काँक्रीटमध्ये घालायचे. बारबेंडर ते ९० अंशांत वाकवतो, कारण हात पटापट चालतो आणि जाळी बांधायला सोपी जाते. धक्का बसून वरचे आवरण सुटले की ९० अंशांची रिंग उलगडते आणि आतल्या उभ्या सळया मोकळ्या होतात. ड्रॉइंगमध्ये १३५ लिहिलेले असतेच. बारबेंडर ड्रॉइंग वाचत नाही, त्याला दाखवावे लागते. तो विजयपूरकडचा असेल तर कन्नडमध्ये, बिहारचा असेल तर हिंदीत.

मग हे दाखवणार कोण? नियमाप्रमाणे बांधकाम परवाना मिळतो, पुढे जोता तपासणी होते, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. जोता तपासायला माणूस येतो तेव्हा पाया मातीखाली गेलेला असतो. तो समास, म्हणजे घराभोवती सोडलेली मोकळी जागा, मोजतो, रस्त्यापासूनचे अंतर मोजतो आणि जातो. संरचनेची जबाबदारी सही करणाऱ्या अभियंत्याची, असे कागद सांगतो. पण त्या सहीसाठी त्याने साइट पाहिली का, हे कागद विचारत नाही. काही जण नुसती सही विकतात, ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आणि परिषद आहे, चुकला तर नोंदणी जाऊ शकते. आम्हा स्थापत्य अभियंत्यांसाठी देशपातळीवर तसे काही नाही. रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्यामुळे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेतला दोष निघाला तर बिल्डरला तो दुरुस्त करून द्यावा लागतो, हे चांगले आहे. पण स्वतःच्या प्लॉटवर स्वतःचे घर बांधणाऱ्याला रेराचा काय उपयोग? आणि सोलापुरात घरे बहुतेक तशीच बांधली जातात.

नव्या मुलांबद्दल बोलायचे तर त्यांना दोष देववत नाही. पदविका घेतलेल्या मुलाला साइटवर मिळणारा पगार चांगल्या गवंड्याच्या हजेरीपुढे टिकत नाही. मग तो अभ्यासिकेत बसून कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षा देत राहतो. छोट्या सरकारी कामांपैकी काही हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी राखीव असतो. योजना चांगलीच, पण नाव अभियंत्याचे आणि काम भलत्याचेच असाही प्रकार चालतो. टेंडर अंदाजखर्चाच्या तीस टक्के खाली भरायचे आणि बिल वर्षभर अडकायचे, या चक्रात प्रामाणिक मुलगा टिकणार कसा, हे मला खरेच कळत नाही.

आणि तरीही काम संपलेले नाही, त्याची जात बदलली आहे. सिद्धरामेश्वरांच्या काळापासून हे गाव तळ्यांवर जगले. १८७१ मध्ये एकरुखचा तलाव झाला, १९८० मध्ये उजनी. ११७ टीएमसीच्या उजनीत ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. असे दुसरे धरण आता भीमेवर कोणी बांधणार नाही. आहे ते पाणी गल्लीतल्या शेवटच्या नळापर्यंत पोचवणे हेच पुढचे काम. उजनीहून कितीही समांतर जलवाहिन्या आणल्या तरी गल्लीतली नळी पन्नास वर्षांपूर्वीची असेल तर पाणी रस्त्यातच मुरणार. गळती शोधणे, व्हॉल्व्ह बदलणे, दाब मोजणे याला फीत कापायला कोणी येत नाही. पण पोटभर काम आहे.

तसेच पुराचे. आपला जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून मोऱ्या आणि फरशी पूल त्याच हिशोबाने बांधले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने तो हिशोब खोटा ठरवला. लांबोटीजवळ पाणी आले आणि सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. आता प्रत्येक ओढ्यावरची नळकांडी मोरी नव्या पावसाच्या नोंदी घेऊन पुन्हा मोजायला हवी. शहरात ओढेच बुजवून प्लॉट पाडलेत, तिथे तर काय मोजायचे!

जुन्या इमारतींचे परीक्षणही तितकेच गरजेचे. शहराच्या पूर्व भागात राहते घर आणि यंत्रमाग एकाच छताखाली असणे आपल्याला नवे नाही. माग रात्रंदिवस हादरतो, वरच्या मजल्यावर सुताचे गठ्ठे रचलेले, आणि बाहेर पडायला एकच जिना. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जीव गेले, त्यानंतर तरी अशा वास्तूंची यादी व्हायला हवी होती. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. नोटीस जाते, मालक ती फायलीला लावतो. हातोडीने ठोकून पोकळ आवाज ओळखणारा, गंजलेली सळई किती उरली ते मोजणारा, कॉलमला जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती नवे कवच चढवून, घर वाचवणारा इंजिनिअर पुढच्या वीस वर्षांत सर्वांत जास्त लागणार आहे. महाविद्यालयात दुरुस्ती हा विषय असलाच तर ऐच्छिक असतो.

म्हणून महापालिकेला आपल्या पत्राद्वारे एक सूचना करतो. पायाचे काँक्रीट ओतण्यापूर्वी आणि प्रत्येक स्लॅबची सळई बांधून झाल्यावर, सही करणाऱ्या अभियंत्याने साइटवर उभे राहून काढलेला, तारीख आणि ठिकाण दिसणारा फोटो ऑनलाइन प्रणालीत चढवल्याशिवाय पुढच्या टप्प्याची परवानगी देऊ नये. खड्ड्यात कोणता थर लागला, ते दोन ओळींत लिहावे. जोता तपासणीच्या अर्जासोबत हे जोडणे बंधनकारक करावे. घरमालक चार भेटींची फी वाढली म्हणून कुरकुर करतील. त्यांनी ती फी दर्शनी भिंतीच्या टाइल्सच्या खर्चाशी ताडून पाहावी.

कळावे.

आपला,
एक वाचक व स्थापत्य अभियंता,
जुळे सोलापूर