चि. मधुरास, अर्धशिशीबद्दल

तासगाव

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती, बोलणं अर्धवट राहिलं. पण ठेवता ठेवता तू म्हणालीस, "हल्ली रोज एखादी गोळी लागतेच, बाबा," ते वाक्य काही मनातून जाईना. मोबाईलवर एवढं सगळं पाठवलं तर तू गडबडीत वरवर वाचशील. म्हणून कागदावर लिहितोय. सावकाश वाच आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर ठेव.

आधी त्या चमकणाऱ्या रेघांचं. स्क्रीनकडे बघताना मधला एखादा शब्द दिसेनासा होतो, मग त्याच्या कडेने नागमोडी रेघ पसरत जाते, वीस-पंचवीस मिनिटांत ती विरते आणि डाव्या बाजूचं डोकं ठणकायला लागतं, असं तू सांगितलंस. चष्म्याचा नंबर तपासून आलीस, तो निघाला नाही, आणि तू आणखीच घाबरलीस. बाळा, हे डोळ्यांचं दुखणं नाही. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे बघण्याचं काम चालतं, तिथे एक लाट उठते आणि मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर इतक्या संथपणे पुढे सरकते. लेआव नावाच्या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने १९४४ साली ती प्राण्यांच्या मेंदूत पहिल्यांदा नोंदवली. ती लाट सरकते तशी तुझी रेघ पसरते. डॉक्टर याला ऑरा म्हणतात. पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत तो राहतो आणि जातो. अर्धशिशीच्या सगळ्याच पेशंटना तो येत नाही. आईला कधी आला नाही, त्यामुळे तुझं काहीतरी वेगळंच आहे असं तुला वाटलं असणार. वेगळं नाही. आईचंच दुखणं तुझ्याकडे आलंय. ते घराण्यात चालत येतं.

त्यानंतरचं ठणकणं येतं ते चेहऱ्याच्या आणि कपाळाच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मोठ्या मज्जातंतूकडून. त्याच्या टोकांशी सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं, मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला घण बसतो. हा शोध लावणाऱ्या चौघा शास्त्रज्ञांना २०२१ साली ब्रेन प्राइझ मिळालं, आणि त्याच शोधावरून सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शनं निघाली. हे मुद्दाम सांगतोय. तुझी टीम लीडर "स्ट्रेस आहे, जरा योगा कर" म्हणाली, ते तू मनाला लावून घेतलंस. हे मनाचे खेळ नाहीत. जगभरात माणसांना कामातून उठवणाऱ्या आजारांच्या २०१९ सालच्या यादीत अर्धशिशी दुसऱ्या नंबरवर होती, आणि तरुण बायकांमध्ये पहिल्या.

आपल्याकडे मात्र या दुखण्याचा अर्धा इतिहास पित्ताच्या खात्यात जमा आहे. आजी (आईची आई) आयुष्यभर म्हणायची, "माझं पित्त उसळलंय." अंधाऱ्या खोलीत पडायची, डोक्याला फडकं करकचून बांधायची, कपाळावर सुंठेचा लेप लावायची, कोणी भांडं आपटलं तरी कळवळायची. उलटी झाली की तासाभरात उठून स्वयंपाकाला लागायची. उलटीने उतार पडतो, म्हणून दोष पित्ताचा, असा सगळ्यांचा हिशेब. कुणी तरी सांगितलं म्हणून सूर्य उगवायच्या आत जिलेबी आणि दूधही खाऊन झालं होतं. पण उजेड सहन न होणं, आवाज सहन न होणं, एकच बाजू ठणकणं, हालचाल केली की वाढणं ही सगळी अर्धशिशीचीच लक्षणं. मळमळ हा त्याच दुखण्याचा भाग आहे. काउंटरवर आजही रोज कोणी ना कोणी ॲसिडिटीची गोळी मागतं आणि मागताना तळहाताने एक डोळा दाबून धरलेला असतो. मी प्रत्येकाला विचारतो, "उजेडाचा त्रास होतो का?" बहुतेकजण चमकून वर बघतात.

आता मुद्द्याचं. तुझ्या त्या रोजच्या गोळीचं.

डोकेदुखीची साधी गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी किंवा ट्रिप्टान (खास अर्धशिशीवरचं औषध) दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. मेंदू सतत गोळीच्या अंमलाखाली राहून हळवा होतो. अंमल उतरला की दुखतं, दुखलं की गोळी, आणि हे चक्र सुटता सुटत नाही. झोपेतून उठल्या उठल्याच डोकं जड असतं, असं तू म्हणालीस ना, त्यानेच माझ्या पोटात गोळा आला. सर्दी-अंगदुखीवर मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर कॅफिनही असतं. त्यामुळे आज ही उद्या ती असं केलंस तरी दिवस मोजताना ते सगळे धरायचे. स्ट्रिप उलटी कर आणि बारीक अक्षरातली नावं वाच. माझ्या दुकानात एक शिक्षिका यायच्या. आधी दोन गोळ्या सुट्या न्यायच्या, मग अख्खी स्ट्रिप, मग महिन्याचा डबाच. विकणाऱ्याला फायदाच असतो, पण मी त्यांना एक दिवस स्टुलावर बसवून कॅलेंडरवर खुणा करायला लावल्या. खुणा बघून त्या स्वतःच गप्प झाल्या. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या थांबवल्यावर सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. डोकं आणखी चढलं, उलट्या झाल्या. पण पुढे दुखण्याचे दिवस कमी होत गेले. तुलाही ते सुरुवातीचे दिवस काढावे लागतील. एकटीने काढू नकोस, सुट्टी घेऊन घरी ये.

याचा अर्थ गोळी घ्यायचीच नाही, सोसत बसायचं, असं मुळीच नाही. आजीच्या पिढीने सोसलं कारण त्यांच्यापुढे दुसरं काही नव्हतं. गोळी कमी दिवस घ्यायची, पण घ्यायची तेव्हा वेळेवर आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या पुऱ्या डोसमध्ये. अर्धशिशी चढली की जठर जवळजवळ थंडावतं. गोळी पोटातच पडून राहते, पुढे आतड्यात जाऊन रक्तात मिसळत नाही. म्हणून "बघू, जाईल" म्हणत दोन तास काढून मग घेतलेली गोळी फुकट जाते, आणि माणूस दुसरी घेतो. दुखायला लागल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात घेतलेली एक गोळी नंतरच्या तिनांपेक्षा बरी. मळमळ फार असेल तर डॉक्टर उलटी थांबवणारं औषध जोडीला देतात. त्याने जठरही हलतं. आणि अर्धशिशीसाठी म्हणूनच केलेली ट्रिप्टान जातीची औषधं १९९१ पासून आहेत. पहिली सुमाट्रिप्टान. तिचा नाकात मारायचा फवाराही असतो, उलट्या होणाऱ्यांना तो सोयीचा. ज्यांना हृदयविकार आहे त्यांना ही औषधं चालत नाहीत. चिठ्ठीशिवाय मी कुणाला देत नाही, तुलाही देणार नाही.

आईला बघून एक गोष्ट शिकलोय, तुझ्या उपयोगाची आहे. तिचं डोकं दुखायच्या आदल्या दिवशीच मला कळायचं. एकामागून एक जांभया, मान आखडलेली, आणि जेवण झाल्यावर डब्यात हात घालून गुळाचा खडा शोधणं. एरवी तिला गोड आवडत नाही. तिला वाटायचं गुळाने डोकं दुखलं, पण दुखणं आधीच निघालेलं असायचं आणि गुळाची इच्छा ही त्याची वर्दी असायची. कित्येकांच्या चॉकलेटचंही तेच असतं. तुझीही अशी काही वर्दी असेल, ती शोध. त्या दिवशी जागरण नको, उपाशी राहणं नको, उन्हात हिंडणं नको.

त्यासाठी एक वही कर. तारीख, किती वाजता सुरू झालं, काय घेतलं, किती वेळाने उतरलं, पाळीचा कितवा दिवस, आदल्या रात्री किती झोप झाली. एवढंच. फार पसारा केलास तर दहा दिवसांत सोडून देशील.

अर्धशिशीच्या मेंदूला बदल सोसत नाही. कमी झोप चालत नाही, तशी जास्तही चालत नाही. तुझी आठवडाभर रात्रपाळी, आणि शनिवार-रविवारी दुपारी दोनपर्यंत झोप, यात दर रविवारी संध्याकाळी डोकं धरणारच. कामाची पाळी बदलून मिळत असेल तर माग. मॅनेजरला "बरं वाटत नव्हतं" असं मोघम सांगू नकोस, आजाराचं नाव सांग आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखव. तोवर निदान झोपायची-उठायची वेळ सुट्टीतही फार हलवू नकोस. चहाचं पण तेच. ऑफिसात पाच कप आणि सुट्टीला एक, असं नको. रोज दोन ठरव आणि ते पाळ. जेवणाची वेळ चुकली तर बॅगेत शेंगदाण्याचा लाडू, फुटाणे, काहीही असू दे. आईने नवरात्राचे कडक उपवास सोडले तेव्हा घरात केवढं रामायण झालं होतं ते तुला आठवत असेल. आता ती दर तीन तासांनी फळ, दूध, वरीचा भात खाऊन नऊ दिवस करते आणि कुणी काही बोलत नाही. रथोत्सवाच्या दिवशीही ती सकाळी लवकर गणपतीला जाऊन येते. ढोल, गुलाल आणि टळटळीत ऊन तिने आपणहून टाळलंय. गणपतीच्या रथाचा दोर ओढायला मी जातो, आणि प्रसाद दोघांना मिळतोच.

दुखत असताना कपाळाला आणि मानेला बर्फ, अंधार, शांतता आणि झोप. यात काही धोका नाही, उतार पडतो. बाम ज्याला मानवतो त्याने लावावा. आईला त्याच्या वासाने उलटी येते, म्हणून आपल्या घरात नसतो.

महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस जात असतील तर, आणि तुझे जातातच, रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध लागतं की नाही हे डॉक्टर ठरवतील. तिथे दोन गोष्टी तुला न विसरता सांगायच्या आहेत.

एक, तुला लहानपणी बालदमा होता. प्रोप्रॅनोलॉल हे अर्धशिशीचं जुनं आणि चांगलं औषध. हृदयाच्या पेशंटना देताना त्यांची अर्धशिशीही कमी झाल्याचं १९६६ साली लक्षात आलं. पण दमा असलेल्याला ते चालत नाही. "लहानपणी होता, आता काही नाही" म्हणून गाळू नकोस.

दुसरं, पाळी अनियमित म्हणून मागे तुला हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. बापाने हे लिहावं का, असा विचार मी केला नाही, माझं कामच औषधांचं आहे. ऑरा येणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेतल्या तर पक्षाघाताचा धोका वाढतो. अजून घेत असशील तर ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांना आजच फोन करून ऑराबद्दल सांग, दुसरा पर्याय असतो. आणि प्रतिबंधक औषधांपैकी व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट गर्भाला घातक आहेत, हे लग्न झाल्यावर कुणी सांगेल याची वाट बघू नकोस. आजच माहीत असू दे.

अमिट्रिप्टिलिन दिलं तर मोबाईलवर शोधून "हे तर डिप्रेशनचं औषध" म्हणून बंद करू नकोस. रात्री छोट्या डोसमध्ये ते अर्धशिशीलाच देतात. कुठलंही प्रतिबंधक औषध गुण दाखवायला दोन-तीन महिने घेतं. निम्मे पेशंट तिसऱ्या आठवड्यात सोडतात आणि "काही उपयोग नाही झाला" सांगत दुकानात येतात.

आत्या स्थळांबद्दल बोलताना म्हणाली की हे डोकेदुखीचं कुठे बोलू नका. मी तिला स्पष्ट सांगितलं, बोलणार. ज्या घरात महिन्यातून दोन दिवस अंधारी खोली मिळणार नाही, त्या घरात आपल्याला मुलगी द्यायची नाही. आईच्या माहेरच्यांनी मला आधी सांगितलं होतं, त्यामुळे पहिल्याच महिन्यात ती पडून राहिली तेव्हा कुणी तिला आळशी म्हटलं नाही. आणि पाळी थांबल्यापासून तिचा त्रास पुष्कळ कमी झालाय, हे तू बघतेसच.

काही वेळा मात्र वही नाही, गोळी नाही, सरळ इमर्जन्सी गाठायची. काही सेकंदांत, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं फुटायला लागलं तर. ताप आणि मान ताठ झाली तर. एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलताना जीभ अडखळली, किंवा ऑरा तासाभरानंतरही गेला नाही तर. हे तुझ्या रूममेटलाही वाचायला दे.

मिरजेच्या न्यूरॉलॉजिस्टची शनिवारची सकाळची वेळ घेतोय. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप पिशवीत घालून आण, नावं आठवून सांगण्यात चूक होते. शुक्रवारी रात्रपाळी करून तशीच गाडीत बसू नकोस, सुट्टी टाक आणि दुपारच्या एसटीने ये. उन्हाच्या बाजूची खिडकी घेऊ नकोस. निघताना खाऊन नीघ. मी स्टँडवर येतो.

तुझे
बाबा