घोरी कोण, याचा निकाल लागला

प्रिय बंड्या,

मायन्यात 'घोरी' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ३१ वर्षांत पहिल्यांदाच. कारण पुढे येईल, उगाच पानं उलटून शेवट बघू नकोस. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि ही गोष्ट सांगताना मला तुझं खिंकाळणं ऐकायचं नाही.

तुझ्या पत्राला चार महिने उत्तर नाही, याला सबब नाही. तब्येत बरी. गुडघा जसा होता तसा. घशाची एक तपासणी सांगितली आहे, ती करीन.

तर आपली सहल. जागा बघायचं काम माझ्या गळ्यात तुम्हीच मारलंत. वकील म्हणाला, सरळ हॉटेलात दोन खोल्या घे. तू म्हणालास, एकदा पुन्हा एका खोलीत झोपू. लेकीनं तिसरंच काढलं: "बाबा, हल्ली पॉश होस्टेलं निघालीत, जाऊन बघा तरी." त्याला म्हणे 'पॉशटेल' म्हणतात. मी म्हटलं, होस्टेल आणि पॉश? आपल्या डोळ्यांसमोर होस्टेल म्हटलं की काय येतं ते तुला सांगायला नको. ती बादली अजून माझीच होती, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

कामानिमित्त दोन रात्री बाहेर राहायचंच होतं. म्हटलं, तुम्हाला खड्ड्यात घालण्याआधी आपण पडून बघावं. आठ जणांच्या डॉर्ममधला एक बेड घेतला.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणशील हा रडायलाच बसला. गादी घरच्यापेक्षा बरी. प्रत्येक बेड म्हणजे लाकडी कप्पाच, तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला जाड पडदा. आत वाचायचा दिवा, चार्जिंगचा प्लग, चष्म्यापुरती फळी. बेडखाली सूटकेस मावेल एवढा लॉकर. संडास-बाथरूम सामायिक, पण मी पहाटे गेलो तरी कोरडं आणि स्वच्छ. (आपल्या मजल्यावरचं आठवून मला तिथं दोन मिनिटं उभ्या उभ्या भरून आलं.) जागा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. एवढ्या मोक्याच्या ठिकाणी हॉटेलची खोली आपल्याला परवडली नसती. खाली मोठी बैठकीची खोली, पुस्तकं, सोफे, स्वतःचं काही करून घ्यायला स्वयंपाकघर. एकट्या माणसाला हॉटेलच्या खोलीत संध्याकाळी भिंती खायला उठतात, तसं इथं होत नाही. निदान माणसं दिसतात तरी.

दिसतात, एवढंच. सोफ्यावर अकरा जण होते, मी मोजले. नऊ जणांच्या कानात यंत्रं आणि मांडीवर लॅपटॉप. दहावा झोपलेला. अकरावा मी. रात्री गप्पांचा कार्यक्रम असल्याची पाटी होती. म्हणजे गप्पांना वेळ ठरवून दिलेली, सात ते आठ. आपल्याकडे गप्पा बंद कधी करायच्या याची वेळ ठरवायला लागायची, आणि तीही रेक्टरला.

मला वरचा बेड मिळाला. शिडीच्या पायऱ्या म्हणजे लोखंडी गोल नळ्या, अनवाणी तळव्यात अशा रुततात की चौथ्या पायरीला देव आठवतो. वर गेल्यावर उभं राहता येत नाही, नीट बसताही येत नाही. पँट बदलायची तर मासा पाण्याबाहेर काढल्यासारखं करायचं. चष्मा त्या फळीवर ठेवला, तो भिंत आणि गादी यांच्यामधल्या फटीतून थेट खालच्या मुलाच्या छातीवर. त्यानं काही न बोलता पडद्यातून हात वर करून चष्मा दिला. चेहरा नाही, नुसता हात. दिवे मालवल्यावर मग खरी मजा. दाराला कार्ड लावलं की टुँक. बॅगेची चेन. प्लास्टिकच्या पिशव्या, बंड्या! एक माणूस रात्री पाऊण वाजता पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी असं काय शोधत होता देव जाणे. एसीचा रिमोट कुणाकडे, हे आठातल्या एकालाही माहीत नव्हतं. साडेचारला कुणाचातरी गजर वाजला आणि ज्याचा होता तो सोडून सगळे उठले.

झोप येईना म्हणून फोनवर वाचत पडलो होतो. हे होस्टेल प्रकरण सुरू कुणी केलं ठाऊक आहे? रिचर्ड शिरमान नावाच्या जर्मन शाळामास्तरानं. १९०९ च्या ऑगस्टमध्ये पोरांना घेऊन पायी हिंडत होता, वादळ आलं, तर एका गावच्या शाळेत पेंढ्यावर सगळ्यांना झोपवलं. पोरं झोपली, हा जागा. पडल्या पडल्या त्याला सुचलं की शाळा सुट्टीत रिकाम्याच असतात, तर प्रत्येक गावात पोरांना पाठ टेकायला अशी जागा का नसावी? १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ होस्टेल उभं राहिलं. लाकडी बंक, एकावर एक. पडदे नाहीत. आता मी ज्या पडद्याच्या कप्प्यात पडलो होतो, तो पेंढ्याच्या नव्हे, कॅप्सूल हॉटेलच्या घराण्यातला. ते १९७९ चं, जपानातल्या ओसाकाचं. उशीर झालेल्या नोकरदारानं एकट्यानं पडावं म्हणून काढलेलं. दोन्ही एकत्र करून हे पॉश प्रकरण झालंय. माणसं होस्टेलची, झोप कॅप्सूलची.

तुझ्या लक्षात आलं का? पोरं झोपलेली आणि मास्तर जागा. मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

आता निकाल. सकाळी खाली बसलो होतो, तर तो चष्म्याच्या हाताचा मुलगा आला. पंचविशीचा असेल. फार अदबीनं म्हणाला, "काका, राग मानू नका, पण डॉक्टरांना दाखवलंय का?" आणि त्यानं फोनवर चाळीस सेकंद वाजवून दाखवली. आधी चढण. मग एकदम शांत, इतकं शांत की ऐकणाऱ्याचा जीव वर. मग फुस्स. मग ती बारीक शीळ.

बंड्या, ती शीळ. आपला मास्तर, आपल्या खोलीतला चौथा, अख्ख्या मेसला करून दाखवायचा ती. चढण, थांबा, फुस्स, शीळ, आणि मग तुझ्याकडे बघून "महंमद घोरी!" चार वर्षं मी त्याच्या शेजारी बसून टाळ्या दिल्या. तू शपथा घ्यायचास, आईची सुद्धा, आणि मी म्हणायचो, चोर कधी कबूल होतो का. तो घोरी मी होतो रे. सगळी चार वर्षं.

आणि माझी खाट मास्तरच्या खाटेला लागून होती. त्याला कळलं नसेल? तो तर तीन-तीन वाजेपर्यंत जागा असायचा. त्याला पहिल्या वर्षीच कळलं असणार. मग त्यानं तुझं नाव का घेतलं? मी दोन रात्री यावरच काढल्या. मला वाटतं, दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर माझं जे चाललं होतं, तेव्हा मला आणखी एक गोष्ट नको असं त्याला वाटलं असावं. तुझी पाठ रुंद होती. किंवा हे सगळं मीच आता रचतोय आणि त्याला फक्त तुला पिडायचं होतं. तेही शक्य आहे. विचारायची सोय नाही.

माफी मागतो. एकदाच, आणि लेखी. वकिलाला दाखवू नकोस.

निघताना रिसेप्शनवर आपल्या सहलीचं विचारलं. चार बेडची खोली आहे, आतच बाथरूम, दोन खालचे दोन वरचे, खिडकी मोठी. तिथं खोली नाही, बेड विकतात. आपण तीन बेड घेतले तर चौथा ज्याला मिळेल त्याला मिळेल. रात्री अकराला कुणीतरी अनोळखी पोरगा पाठीवर पोतं घेऊन येणार, टुँक करून, आणि त्या बेडवर चढणार. मी विचारलं, चौथा रिकामा ठेवता येईल का? मुलगी चांगली होती. म्हणाली, "येईल की सर, चौघांचे पैसे भरायचे. चौथ्या गेस्टचं नाव काय टाकू?"

मी मास्तरचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

तिनं टाइप केलं, स्पेलिंग विचारलं, आणि चार नावांचं बुकिंग माझ्या फोनवर आलं. क्रमांक लागला, बंड्या. एक मी, दोन तू, तीन वकील, चार तो. मी बसमध्ये ते किती वेळा उघडून बघितलं सांगत नाही.

आता पंचाईत अशी की आत जाताना प्रत्येकाचं ओळखपत्र मागतात. वकिलाला कळलं तर तो खोटं नाव दिल्याचं कलम सांगेल आणि मग बाहेर जाऊन एकटाच रडेल, जसा फेब्रुवारीत. रद्द करावं तर गुरुवारपर्यंत पैसे परत. दोन खोल्या हॉटेलात घ्याव्यात, हे शहाणपणाचं आहे. तुम्हाला झोपही लागेल, ती चाळीस सेकंद मी ऐकली आहेत. पण हॉटेलात दोन खोल्या म्हणजे एकात दोघं आणि एकात एक, आणि तो एक कोण यावरून आपण भांडणार. आणि त्या खोलीत रिकामा बेड असेल, तो नुसता रिकामा असेल. इथं निदान त्याच्या नावावर असेल. हे मूर्खासारखं वाटतंय ना? मला लिहितानाही वाटतंय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, चौथ्या बेडचे पैसे फुकट.

की सरळ सांगायचं, चौथा आला नाही? पण ते वाक्य त्या काउंटरवर मला म्हणता येईलसं वाटत नाही. तू म्हणशील का? रात्रीच्या हजेरीला तू त्याच्या आवाजात "हजर, सर" म्हणायचास, रेक्टरला एकदाही संशय आला नाही. अजून जमतो का तो आवाज?

तुझं राहिलंच. मुलाच्या बदलीचं कळलं, बरं झालं. वहिनी निवृत्त झाल्या, त्यांना माझं अभिनंदन सांग. तुझं काय होणार आता दिवसभर, याची काळजी वाटते. गच्चीची गळती थांबली का?

गुरुवारच्या आत कळव. खालचा बेड तुझा, खिडकीकडचा. मी वर चढतो.

तुझा,
घोरी

ता. क. टॉवेल आपापला आणायचा, तिथं त्याचे वेगळे पैसे घेतात. लॉकरला कुलूपही आपलंच. आणि कानात घालायचे बोळे रिसेप्शनवर फुकट मिळतात, मी चार जोड्या उचलल्या आहेत.