गोधडीचा गोट: अस्तराची माया आधी नव्हे, नंतर कापा

मा. संपादक,
स. न.

गोधडी शिवायला शिकवणारे लेख वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून अधूनमधून येतात. तुकडे कसे जोडायचे, रंग कसे निवडायचे हे त्यांत सविस्तर असते. कडेचे काम मात्र ‘शेवटी अस्तर पुढे दुमडून शिवून टाका’ एवढ्या एका वाक्यात उरकलेले असते. नवशिक्याची गोधडी बहुधा इथेच बिघडते, म्हणून हे पत्र.

अस्तर (गोधडीच्या पाठीचे कापड) पुढे आणून केलेला गोट, म्हणजे कडेची पट्टी, सोपा खराच. वेगळी पट्टी कापावी लागत नाही, जोड येत नाहीत, अस्तराचाच रंग पुढे चौकटीसारखा दिसतो. पण त्याची तयारी अस्तर कापतानाच करावी लागते. अस्तर आणि मधली भर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी निदान तीन इंच मोठी ठेवा. सुरुवातीलाच नेमके एक इंच मोजून अस्तर कापले, की तिन्ही थर जोडणारे टाके घालताना वरचा थर आत ओढला जातो, अस्तर थोडे सरकते आणि शेवटी एका बाजूला दीड इंच, तर दुसऱ्या बाजूला अर्धाच इंच उरतो. अंतिम माप टाके पूर्ण झाल्यावरच घ्यायचे. टाकेही वरच्या थराच्या कडेपाशी थांबवा. ते बाहेर अस्तरावर गेले तर भर आणि अस्तर एकमेकांना शिवले जातात, भर वेगळी कापता येत नाही, टाके उसवावे लागतात आणि सुईची भोके ऐन गोटावर दिसत राहतात.

टाके संपल्यावर गोधडी सपाट पसरून दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर कडा आखून काटकोनात आणा. वरच्या थराच्या कडेपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत धावदोरा घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. मग अस्तर मागे दुमडून टाचण्यांनी अडकवा आणि फक्त भर व वरचा थर कापा. फिरते पाते वापरणार असाल तर भर आणि अस्तर यांच्यामध्ये कापायची चटई सरकवा. इथे एकदा अस्तराला काप गेला की त्या बाजूचा गोट गेलाच, कारण तिथे दुमडायला कापड उरत नाही.

आता अस्तराची माया, म्हणजे दुमडायला कडेबाहेर राखायचे जादा कापड. तयार गोट जेवढा रुंद हवा, त्याच्या दुप्पट. अर्ध्या इंचाच्या गोटाला एक इंच, तीन सुतांच्या गोटाला पाऊण इंच. अस्तराची कापलेली कड गोधडीच्या कडेला टेकेल अशी पहिली दुमड घाला, इस्त्री फिरवा, मग तीच पट्टी वरच्या थरावर घ्या. कापलेली कड आत बंद होते.

तुकड्यांची नक्षी ऐन कडेपर्यंत असेल तर मात्र हे माप फसवते. जोडकामात शिलाईची माया पाव इंच असते आणि गोट अर्धा इंच कापड झाकतो. म्हणजे कडेच्या चांदण्यांची, त्रिकोणांची टोके पाव इंचाने गोटाखाली जातात. त्यावर उपाय असा, की भर वरच्या थराच्या बाहेर पाव इंच ठेवून कापायची आणि अस्तर भरीच्या कडेपासून एक इंच, म्हणजे वरच्या थरापासून सव्वा इंच ठेवायचे. दुमड भरीच्या कडेवर बसते, गोट वरच्या थराचा पाव इंचच झाकतो, टोके शाबूत राहतात आणि गोटही भरलेला राहतो. पोकळ गोट लवकर चुरगळतो आणि लवकर झिजतो.

कोपऱ्याला बहुतेक जण घाबरतात, पण तिथे एकच गोष्ट सांभाळायची असते. अस्तराचे टोक गोधडीच्या कोपऱ्यापासून पाव इंच बाहेर, पंचेचाळीस अंशांत कापून टाका. उरलेला पाव इंच आत दुमडा. ही तिरकी दुमड कोपऱ्याच्या टोकाला नेमकी टेकली पाहिजे (भर बाहेर ठेवली असेल तर भरीच्या टोकाला). ती बाहेर राहिली तर दोन बाजू एकमेकींवर चढून गाठ होते. आत गेली तर फट पडते. त्यानंतर दोन्ही बाजू नेहमीसारख्या दोनदा दुमडल्या की तिरका जोड आपोआप जुळतो. तो जोड सुईने बंद करायला विसरू नका. अस्तराचे टोक न कापता नुसते दुमडले तर ते गोटाखालून बाहेर डोकावते.

टाचण्या बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे लावत जा आणि अस्तर ताणू नका. ताणलेले अस्तर सुटल्यावर आखडते आणि कड वाटीसारखी उचलली जाते. हाताने शिवायचे तर लपता टाका घाला, इंचाला आठ-दहा. सुई वरच्या थरातून आणि भरीतून जावी, पाठीवर निघू नये. मशीनने शिवताना दुमडीपासून दोन मिलिमीटरवर, अडीच ते तीन मिलिमीटरच्या टाक्याने शिवा आणि वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा फूट) लावा. साध्या फुटाने वरचा थर पुढे ढकलला जाऊन गोटाला पीळ पडतो. ही शिलाई पाठीवरही दिसणार, म्हणून बॉबिनचा दोरा अस्तराच्या रंगाचा घ्या.

हा गोट कुठे वापरू नये, तेही छापले जावे. गोधडीच्या ऐन कडेवर कापडाचा एकच पदर येतो आणि दुमड सरळ धाग्यावर असल्याने झीज त्याच त्या मोजक्या धाग्यांवर पडते. दुहेरी उरेब (तिरक्या धाग्यावर कापलेल्या) पट्टीत पदर दोन असतात, झीज अनेक धाग्यांत वाटली जाते आणि पट्टी विरली की बदलता येते. रोज अंगावर घ्यायच्या, वरचेवर धुवायच्या गोधडीला वेगळी पट्टीच लावावी. भिंतीवर लावायच्या किंवा कमी वापराच्या गोधडीला अस्तराचा गोट उत्तम. अस्तर जुने, विरलेले असेल तर मुळीच नको. गोलाईच्या कडेलाही हा गोट बसत नाही, सरळ धाग्यावरचे कापड वळणावर चुण्या धरते. गडद रंगाचे अस्तर आधी धुऊन घ्या. रंग सुटलाच तर तो सगळ्यात आधी गोटालगतच्या फिक्या तुकड्यांवर उतरतो.

यापुढे असा मजकूर छापताना निदान तीन मापे द्यावीत, अशी विनंती आहे: टाक्यांपूर्वी अस्तर किती मोठे ठेवायचे, टाक्यांनंतर माया किती राखायची आणि गोट वरचा थर किती झाकतो. चौकटीतल्या दोन ओळींत ती मावतील.

आपली,
गोधडी शिवणारी एक वाचक