आखातात १९८८ मध्ये आले ते गवत, गोल्फ नव्हे

महोदय,

वाळवंटातील गोल्फवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. दुबईचा एमिरेट्स गोल्फ क्लब १९८८ मध्ये सुरू झाला आणि आखातात गोल्फ अवतरले, असा त्याचा सूर आहे. वर्ष बरोबर आहे, पण त्या वर्षी आले ते गवत. गोल्फ त्याच्या कितीतरी आधीपासून वाळूवर चालू होते.

बहारीनला १९३२ मध्ये तेल लागले. १९३८ मध्ये सौदीत दम्मामला आणि कुवेतमध्ये बुर्गानला लागले. बहारीनमधील अवाली, सौदीतील धहरान आणि कुवेतमधील अहमदी या वसाहती त्या तेलावरच उभ्या राहिल्या आणि तिथल्या परदेशी कर्मचाऱ्यांनी वाळूत खुंट्या ठोकून कोर्स, म्हणजे गोल्फची मैदाने, आखले. खुद्द दुबईत कंट्री क्लब १९७१ पासून वाळूवर होता. २००७ मध्ये तो बंद झाला.

लेखात या मैदानांचा उल्लेख एका वाक्यात, तोही ‘कामचलाऊ’ म्हणून आला आहे. तो शब्द खटकला. तिथे ‘ग्रीन’, म्हणजे खळग्याभोवतीचा गुळगुळीत हिरवा भाग, नसते. त्याऐवजी वाळूचे ‘ब्राऊन’ असते आणि ते बनवणे हे नेमके काम आहे. खालची जमीन रोलरने घट्ट दाबायची, त्यावर चाळलेल्या बारीक वाळूचा थर द्यायचा आणि त्यात तेल मुरवायचे. पूर्वी सर्रास इंजिनातले जळके ऑइल वापरत. सगळी कसोटी तेलाच्या प्रमाणात असते. तेल कमी पडले तर वरचा थर उन्हात सुटा होतो, वारा त्याला उडवून नेतो आणि चेंडू रेघ ओढत मध्येच अडकतो. जास्त झाले तर चेंडूला काळा चिकट लेप बसतो. शिवाय हवेतली धूळ तेलात मिसळून हळूहळू कडक पापुद्रा धरते. तो दाताळ्याने फोडून, वाळू हलवून पुन्हा तेल द्यावे लागते. पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून खळग्यात घालणे, झाले की खेळाडूंनी पावलांच्या खुणा झाडून पृष्ठभाग सारखा करून जायचा असतो. हे टाळले तर मागून येणाऱ्याचा चेंडू कुठे वळेल याचा नेम नाही.

फेअरवेवर, म्हणजे खुंट्यांनी आखलेल्या मधल्या पट्ट्यावर, खेळाडू कृत्रिम गवताचा छोटा तुकडा बरोबर बाळगतो. चेंडू उचलून त्यावर ठेवायचा आणि मारायचा. मात्र ही सवलत खुंट्यांच्या आतच. चेंडू बाहेर गेला की तो खड्यांत असो की भुसभुशीत वाळूत, पडला तिथूनच मारायचा. त्यामुळे इथे लांब फटक्यापेक्षा सरळ फटक्याला भाव, आणि खुंटी दोन हात इकडे की तिकडे यावर वादही रंगतात. झगझगत्या उन्हात पांढरा चेंडू दिसत नाही म्हणून नारिंगी किंवा लाल वापरतात. खड्यांनी स्टिकच्या तोंडावर ओरखडे पडतात ते वेगळेच. जाणते लोक वाळूसाठी जुना संच राखून ठेवतात.

आता गवताचे. एमिरेट्सचा मजलिस कोर्स कार्ल लिटन यांनी आखला. १९८९ मध्ये तिथे पहिली डेझर्ट क्लासिक ही व्यावसायिक स्पर्धा झाली आणि मार्क जेम्स जिंकले. कर्तृत्व मोठेच आहे, पण लेखात पाण्याचा हिशोब नाही. अशा कोर्सवर बर्म्युडा गवत लावतात. आपली हरळी तीच, फक्त निवडक संकरित वाणांची. ती उन्हाला भीत नाही, पण पाण्याशिवाय हिरवीही राहत नाही. कडक उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर १ हेक्टरला रोज ८०,००० लिटर लागतात. ४० हेक्टरला ३२ लाख. हे पाणी समुद्राचे गोडे केलेले किंवा सांडपाण्यावर प्रक्रिया केलेले. दुसऱ्या प्रकारात क्षार बरेच उरतात. ते मुळांशी साचू नयेत म्हणून गरजेपेक्षा जास्त पाणी सोडून खाली धुवावे लागतात आणि त्यासाठी निचऱ्याची व्यवस्था आधीच करावी लागते. हिवाळ्यात हरळी मंदावते, तेव्हा वरून राय गवताचे बी पेरतात. टीव्हीवर दिसणारी गर्द हिरवाई बरीचशी त्या पाहुण्या गवताची.

म्हणून वाळूचे कोर्स सोवळे होते असेही नाही. जळके ऑइल जमिनीत झिरपते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यांना हिणवण्याचे कारण नाही. अमेरिकेतील पाइनहर्स्ट क्रमांक २ या नामांकित कोर्सवरही १९३५ पर्यंत वाळूचीच ग्रीन्स होती. ऑस्ट्रेलियात ओपल खाणींच्या कूबर पेडी गावी आजही गवताविना गोल्फ चालते, गवताचा तुकडा काखोटीला मारून. उन्हाळ्यात तर रात्री, चमकणाऱ्या चेंडूंनी.

पुढील अंकात दुरुस्ती छापणार असाल तर ‘आखातातील पहिले गोल्फ’ ऐवजी ‘आखातातील पहिला गवताचा चॅम्पियनशिप कोर्स’ एवढे जरी केले तरी पुरे.

– एक वाचक