पत्रा कापून देणाऱ्या दादांचे आभार

अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या गॅरेजमधले दादा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आई कडक भाकरी करून विकते. चुलीच्या धुराने ती बेजार, म्हणून शेडच्या पत्र्यात 12 इंची एक्झॉस्ट फॅन बसवायचा होता. मी छिन्नी-हातोडी चालवली. पत्रा वाकला, हातही कापला. तुम्ही हातातलं काम टाकून जिगसॉ मशीन, म्हणजे पातं वर-खाली चालणारी विजेची करवत, घेऊन आलात. आधी ड्रिलने भोक, मग त्यातून बारीक दातांचं ब्लेड. पत्रा थरथरू नये म्हणून मागे प्लायवूड, मधूनमधून तेल. गोल अगदी रेघेवर उतरला.

निघता निघता मात्र तुम्ही थांबलात. सगळी कड कानशीने घासून स्वतःचं बोट फिरवून पाहिलंत. “माउलींचा हात लागतो इथं,” म्हणालात. पैसे घेतले नाहीत, दोन भाकरी तेवढ्या घेतल्या.

शेडमध्ये आता धूर कोंडत नाही. दादा, मनापासून आभार.