जिवाणू फुकट राबत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इन्सुलिनवरचा लेख वाचला, चांगला होता, पण त्यातलं एक वाक्य काही केल्या पचेना. जिवाणूत माणसाचा जीन टाकला की तो फुकटात प्रोटीन बनवत राहतो म्हणे. फुकटात? मी इथं कोल्हापुरात एमएस्सीच्या पोरांची मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घेते, बारा वर्षं झाली, फुकटात प्रोटीन देणारा ई. कोलाय (या कामाला लॅबमध्ये नेहमी वापरतात तो जिवाणू) काही अजून माझ्या फ्लास्कात आलेला नाही.

दरवर्षी आम्ही एकाच कल्चरमधून, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंमधून, दोन फ्लास्क लावतो, ३७ डिग्रीला शेकरवर, आणि दर अर्ध्या तासाला थोडं थोडं काढून ओडी, म्हणजे गढूळपणा, बघतो; जितके जिवाणू जास्त तितका तो जास्त. ओडी ०.६ च्या आसपास आला की एका फ्लास्कात आयपीटीजी नावाचं रसायन टाकायचं म्हणजे आत घातलेला जीन चालू होतो, दुसरा फ्लास्क तसाच ठेवायचा. तास-दोन तासात दुसरा गढूळ होत होत पार दुधासारखा दिसायला लागतो आणि पहिला रेंगाळतो. ग्राफ पेपरवर एक रेघ जिना चढल्यासारखी वर आणि दुसरी आडवी पडत चाललेली. पोरं कसनुसं तोंड करून म्हणतात, मॅडम आमचं काहीतरी चुकलं. चुकलेलं काही नसतं ओ.

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस घेऊन येणाऱ्याला विचारा, वैरण तेवढीच ठेवून दूध जास्त काढायला गेलं की म्हैस खंगते. मी वर्गात हेच उदाहरण देते, पण ते अर्धंच खरं आहे, कारण इथं नुसती वैरण वाढवून भागत नाही. खरी ओढाताण असते रायबोसोमची, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रांची. पेशीतलं प्रत्येक प्रोटीन रायबोसोमवरच तयार होतं, आणि नवीन रायबोसोमला लागणारी प्रोटीनंसुद्धा आधीच्याच रायबोसोमना बनवावी लागतात, ती बनली तर पेशी वाढणार नि दुभंगणार. आपण वापरतो त्या बीएल-२१ (डीई-३) जातीत टी-७ नावाच्या व्हायरसचं पॉलिमरेज (जीनची आरएनए नक्कल काढणारं एन्झाइम, त्या नकलेवरून रायबोसोम प्रोटीन बनवतात) बसवलेलं असतं, आयपीटीजीनं तेच चालू होतं, ते पेशीच्या स्वतःच्या पॉलिमरेजपेक्षा साधारण पाचपट वेगानं पळतं, मग आपल्या जीनच्या आरएनएचा नुसता पूर येतो आणि निम्मेअधिक रायबोसोम परक्याच्या कामाला जुंपले जातात. कधी कधी पेशीतल्या एकूण प्रोटीनपैकी जवळपास निम्मं हे असलं परकं असतं. एरवी वीस मिनिटांत दोनाचे चार होणारा जीव मग थबकणार नाही तर काय करणार.

इन्सुलिनचंच घ्या, तुमच्याच लेखातलं. १९७८ साली ते पहिल्यांदा ई. कोलायमधून काढलं तेव्हा त्याच्या दोन साखळ्यांपैकी ए साखळी फक्त २१ अमिनो आम्लांची (म्हणजे प्रोटीनच्या मण्यांची), एकटी ठेवली तर पेशी तिला तोडून टाकायची, म्हणून तिला हजारावर अमिनो आम्लांच्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या जिवाणूच्याच प्रोटीनच्या शेपटीला बांधलं. म्हणजे २१ साठी बिचाऱ्या जिवाणूनं हजाराचं ओझं उचललं. १९८२ ला ते औषध म्हणून मंजूर झालं ते असल्या हमालीवर.

आता माझी फजिती. मी स्वतः विद्यार्थिनी होते तेव्हा अँपिसिलिन (आपला जीन नसलेल्या पेशी मारायला घालतात ते अँटिबायोटिक) घातलेलं कल्चर शुक्रवारी लावलं नि जोतिबाला जाऊन घरी राहिले, सोमवारी येऊन तेच पुढच्या फ्लास्कात ओतलं. काय झकास वाढलं म्हणून सांगू! आयपीटीजी टाकलं तरी थांबेना, मी खूश, आणि जेल रन केलं, म्हणजे प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून बघितली, तर आपल्या प्रोटीनचा पट्टाच नाही. झालं असं की प्लाझमिडवाल्या (आपला जीन ज्यावर बसवतात त्या डीएनएच्या छोट्या कड्याला प्लाझमिड म्हणतात) पेशी अँपिसिलिन तोडणारं एन्झाइम बनवतात, ते बाहेर मीडियात, म्हणजे जिवाणू वाढतात त्या द्रवात, उतरतं, औषध संपतं, मग ज्यांनी प्लाझमिड टाकून दिलं त्या बिनओझ्याच्या पेशी सुसाट सुटतात आणि दोन दिवसांत त्यांचंच राज्य. आमच्या सरांनी जेल बघून एवढंच विचारलं, एवढं चांगलं वाढलं तेव्हाच शंका कशी आली नाही?

तेव्हापासून मी तापमान २० वर आणते, आयपीटीजी कमी टाकते आणि आयपीटीजी टाकेपर्यंत मीडियात थोडं ग्लुकोज ठेवते म्हणजे जीन वेळेआधीच थोडाथोडा चालू होत नाही. सावकाश होतं पण प्रोटीन विरघळलेलं मिळतं, गोळे होऊन बसत नाही. केंब्रिजच्या मिरू आणि वॉकर यांनी १९९६ मध्ये या ओझ्याखाली तगलेल्या पेशी निवडून सी-४१ आणि सी-४३ जाती काढल्या, पुढं कळलं की त्यांच्यात ते टी-७ पॉलिमरेजच कमी बनतं. हळू राबणाऱ्यांनीच जास्त माल दिला, पेशीला मारणाऱ्या अवघड प्रोटीनांच्या बाबतीत तर नक्कीच.

पुरवणीत जागा असेल तर यंदाच्या पोरांनी काढलेला दोन रेघांचा ग्राफ पाठवते. खालच्या कोपऱ्यात मिसळीच्या कटाचा डाग आहे, तेवढा कापून छापा.

– एक प्रॅक्टिकलवाल्या मॅडम, राजारामपुरी, कोल्हापूर