रविवारची चर्चा: रग्बीतले धोकादायक टॅकल आणि रेफरींचे निकाल

सभासदहो, आठवण. रविवारी बोलायचंय ते खांद्याच्या रेषेच्या वर केलेल्या टॅकलबद्दल (टॅकल म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणं). येण्याआधी 2023 च्या रग्बी विश्वचषकाची न्यूझीलंड-दक्षिण आफ्रिका अंतिम लढत पुन्हा बघा. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केनचं पिवळं कार्ड (दहा मिनिटं बाहेर) बंकरने, म्हणजे मैदानाबाहेर व्हिडिओ तपासणाऱ्या पंचाने, लाल (उरलेल्या सामन्यातून बाहेर) केलं, दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसीचं मात्र पिवळंच राहिलं. दोन्हीकडे डोक्याला धक्का लागला होता. मग फरक कशाचा? जोर किती होता, टॅकल करणारा वाकला होता का, समोरचा खेळाडू ऐनवेळी खाली आला का, हे तपासून बोला. न्यूझीलंड एका गुणाने हरलं, त्यामुळे आवाज चढणार हे गृहीत धरलंय! रेफरींवर वैयक्तिक चिखलफेक मात्र नको. स्लो-मोशनमध्ये सगळेच टॅकल भयंकर दिसतात, म्हणून क्लिप मूळ वेगात आणा.